दुसऱ्यांदा विचारायचं राहून गेलं

गेल्या महिन्यात एका दुपारी कुंदाचा मोबाइल वाजला. कुंदा म्हणजे माझी बायको. ती जाऊन तेव्हा महिना उलटून गेला होता, पण तिचा मोबाइल मी अजून रोज चार्जिंगला लावतो. का लावतो ते विचारू नका, मुलाने विचारून झालं आहे. फोन उचलला तर पलीकडून लगबगीचा आवाज आला, "काकू, आहात कुठे? दोन ड्यूक आणि एक अर्ल बाजूला काढून ठेवलेत तुमच्यासाठी. आणि येताना आधीचं पुस्तक आणा हं." दादरच्या लायब्ररीच्या मीनाताई. मी म्हटलं, "मी त्यांचे मिस्टर बोलतोय..." आणि पुढे शब्दच फुटेना. खरं तर तोवर इतक्या लोकांना सांगून झालं होतं की सांगण्याची एक पद्धतच बसून गेली होती. पण या बाई राहूनच गेल्या होत्या. नातेवाईक, चाळकरी, माझे गोदीतले दोस्त, सगळ्यांना फोन केले, आणि जिथे कुंदा दर शनिवारी न चुकता जायची तिथे कळवायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. शेवटी सांगितलं. मीनाताई हळूच म्हणाल्या, "पुस्तकाची घाई नाही, काका. राहू दे तुमच्याकडे."

ते पुस्तक आमच्या खिडकीत आहे. त्याच्याबद्दलच लिहायला बसलो आहे, पण पुस्तकावर एक सोनेरी केसांची बाई आणि बटणं उघडी टाकलेला एक पुरुष आहे, त्यामुळे आधी थोडा खुलासा करणं भाग आहे.

कुंदा गिरगावची. चार बहिणींतली तिसरी. फोर्टात एका जहाज कंपनीच्या एजंटाकडे टायपिस्ट होती. ऑफिसातल्या एका पारशी बाईंनी जेवणाच्या सुट्टीत तिच्या हातात एक जाडसर इंग्रजी कादंबरी ठेवली, आणि त्या दिवसापासून कुंदा जी इंग्लंडात गेली ती शेवटपर्यंत पुरती परत आली नाही. तिकडचा एक राजा म्हणे भ्रमिष्ट झाला, आणि त्याच्या मुलाने काही वर्षं त्याच्या नावाने कारभार पाहिला. त्या तेवढ्या काळात घडणाऱ्या या प्रेमकथा. रीजन्सी रोमान्स म्हणतात. त्यात ड्यूक असतात, घोडागाड्या असतात, मेणबत्त्यांच्या उजेडात नाच असतात, आणि लग्नाचं वय उलटून चाललेली एक हुशार मुलगी भिंतीला टेकून उभी असते, जिला नाचायला कोणी बोलावत नाही. मग ड्यूक बोलावतो. हे असं शेकडो पुस्तकांत होतं. मी म्हणायचो, "एकदा कळलं ना बोलावतो म्हणून, मग परत परत काय वाचायचं?" ती म्हणायची, "तुम्ही दर गणपतीत तीच आरती म्हणता ना?"

आमचं लग्न कांदेपोह्यांचं. मी लालबागचा, मूळ मालवणचा, वडील मिलमध्ये, मी माझगावच्या गोदीत ड्राफ्ट्समन. गिरगावात तिला बघायला गेलो तेव्हा माझ्या काकांनी तिला इंग्रजी पेपर वाचायला दिला. तिने तो असा घडाघडा वाचला की काकांना पुढचं काही सुचेना, म्हणून त्यांनी विचारलं, "सुरण शिजवता येतो?" तिचे वडील म्हणाले, आमच्याकडून होकार आहे. काका म्हणाले, आमच्याकडूनही आहे. आणि उठलो. तिला कोणी विचारलं नाही. मलाही कोणी विचारलं नाही म्हणा, पण मी पोह्यांत दंग होतो.

लग्न होऊन ती आमच्या चौतीस नंबरच्या खोलीत आली. एक खोली, एक मोरी, माणसं सात. ड्यूकच्या गोष्टींत एक ठरलेला प्रसंग असतो. वादळ होतं, गाडीचं चाक मोडतं, आणि एकमेकांशी भांडणाऱ्या त्या दोघांना रात्रीपुरतं एका खानावळीत उतरावं लागतं, आणि तिथे नेमकी एकच खोली शिल्लक असते. वाचणाऱ्या बायका म्हणे इथे श्वास रोखून धरतात. मी म्हटलं, गिरणगावात अख्खा जन्म एकाच खोलीत गेला, आमच्यावर का नाही कोणी कादंबरी लिहीत? कुंदा हसली, पण मग गंभीरपणे म्हणाली, तेच तर आहे. त्या गोष्टींतल्या मुलीला एकटीने फिरायची सोय नाही, कोणाशी बोलायची सोय नाही. ती कोणाबरोबर दोनदा नाचली तर सकाळी गावभर होतं. थोरलीचं नाव खराब झालं की धाकट्यांची लग्नं अडतात. पत्र गेलं तर चारजणी वाचतात. ही आमची गिरगावची गॅलरीच आहे की, फक्त त्यांच्याकडे झुंबरं आहेत. आणि जिथे एवढे डोळे रोखलेले असतात ना, तिथे त्याने तिचा हातमोजा काढून नुसती बोटं हातात धरली तरी आभाळ कोसळल्यासारखं वाटतं. ते तुम्हाला नाही कळायचं.

मला कळत होतं. सात माणसांच्या खोलीत ताटांच्या आडून तिने एकदा माझ्या पायाला पाय लावला होता, तेव्हा माझ्या हातातली सोलकढी सांडली होती. पण हे मी तिला बोललो नाही. आम्ही बोलणारी माणसं नव्हतो. आम्ही एकमेकांची टर उडवणारी माणसं होतो.

त्या सरदारांच्या पायऱ्या माझ्या कधी लक्षात राहत नसत. ड्यूक मोठा की अर्ल मोठा, व्हायकाउंट म्हणजे कोण. तर तिने मला आमच्या गणेशोत्सव मंडळावरून समजावलं. ड्यूक म्हणजे अध्यक्ष, मार्क्विस म्हणजे कार्याध्यक्ष, अर्ल म्हणजे सेक्रेटरी, व्हायकाउंट म्हणजे खजिनदार, आणि बॅरन म्हणजे तुम्ही, दोरी धरायला. तेव्हापासून घरात मी बॅरन झालो. भाजी आणायला पिशवी हातात देतानाही ती "बॅरनसाहेब" म्हणायची.

आता तो लायब्ररीतला रिवाज सांगतो, कारण पुढे तो लागणार आहे. या पुस्तकांची नावं एकसारखी आणि चित्रंही एकसारखी. घरी आणून अर्धं वाचल्यावर कळतं की हे आपण मागच्या वर्षी वाचलेलं आहे. म्हणून तिथल्या नेहमीच्या बायका वाचून झालं की पुस्तकात आपापली खूण करून ठेवतात. कोणी शेवटच्या पानावर फूल काढतं, कोणी कोपऱ्यात आद्याक्षर घालतं. मीनाताई काणाडोळा करतात. कुंदाची खूण म्हणजे चौतिसाव्या पानावर, आकड्याच्या बरोबर खाली, पेन्सिलीचं एक टिंब. चौतीस म्हणजे आमची खोली. चाळ पडून टॉवर झाला, आम्ही चौदाव्या मजल्यावर आलो, खोलीचा नंबर बदलला, पण खूण बदलली नाही. आणि तिचा नियम असा की शेवट वाचल्याशिवाय टिंब द्यायचं नाही. अर्धवट टाकलेल्या पुस्तकाला खूण नाही.

आमची सून प्रज्ञा परळची, बौद्ध कुटुंबातली. चळवळीत वाढलेली, नोकरी करणारी, आणि तोंडाने माझ्याइतकीच फटकळ. मुलाने स्वतः जमवलेलं लग्न. माझ्या काही नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली, तेव्हा कुंदाने त्यांना असं काही ऐकवलं की दोन घरांशी आमचं येणं-जाणं आजही नाही. लग्नाआधी प्रज्ञा घरी आली तेव्हा कुंदाने तिला एकच विचारलं होतं, "त्याने तुला नीट विचारलं का गं? की तुम्ही आपलं असंच ठरवून टाकलंत?" प्रज्ञा म्हणाली, "विचारलं ना, परळच्या पुलावर. घामाने भिजला होता पार." कुंदाचा चेहरा असा उजळला होता की मला जरासा रागच आला.

पुढे याच प्रज्ञाने एकदा तिला अडवलं. "आई, राग नका मानू, पण हे ड्यूक म्हणजे जमीनदारच ना? लोकांच्या जिवावर जगणारे. माझ्या आजोबांनी पुस्तक खिडकीतून फेकलं असतं." मला वाटलं आता जुंपणार. कुंदा शांतपणे गवार मोडत होती. म्हणाली, "बरोबर आहे तुझं. जमीनदारच ते. पण बघ ना, सगळ्या मुलखावर त्याचा हुकूम चालतो, आणि या एका बाईपुढे चालत नाही. तिथे त्याला गुडघ्यावर बसून विचारावं लागतं. आणि ती नाही म्हणू शकते. मला तेवढंच वाचायचं असतं." प्रज्ञाने शेजारी बसून गवार मोडायला घेतली. नंतर ती स्वतःच सासूला शनिवारी दादरला सोडायला लागली.

मग दुखणं आलं. रक्ताचं. परळच्या इस्पितळात खेपा सुरू झाल्या, आणि तिथलं सगळ्यात वाईट काय असेल तर ते म्हणजे कोणीच पुढचं सांगत नाही. बघू म्हणतात. या रिपोर्टनंतर बघू, पुढच्या डोसनंतर बघू. माझा डॉक्टरांवर राग नाही, त्यांनाही कुठे माहीत असतं. पण तिथल्या बाकावर बसून कुंदा तिचा ड्यूक वाचायची, आणि एकदा म्हणाली, "या पुस्तकांचं एक बरं असतं. शेवट गोड आहे हे आधीच ठाऊक असतं. मग मधे कितीही हाल झाले तरी माणूस निवांत वाचतं." मी खिशात हात घालून उभा राहिलो.

औषधांनी तिच्या डोळ्यांसमोर अक्षरं नाचायला लागली, तेव्हा वाचायचं काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी खिडकीशी तिची खुर्ची, समोर मी स्टुलावर. माझं इंग्रजी नकाशांवरचं, नटबोल्टचं. त्यामुळे मनातल्या मनात वाक्य लावून ते मराठीत सांगायचं, असा आमचा कारभार होता. माझ्या मराठीत त्या लेडी लोक आपल्या माणसाला "अहो" म्हणायच्या. कुंदाला हसू आवरायचं नाही. "अहो ड्यूक, ऐकलंत का, असं म्हणते ती?" "मग काय म्हणणार? अरे ड्यूक?" चुंबनाबिंबनाचा मजकूर आला की मी दाराकडे बघून आवाज खाली आणायचो, आणि स्वयंपाकघरातून प्रज्ञा ओरडायची, "बाबा, ऐकू येत नाहीये." ते दिवस वाईट होते, आणि आता मला तेच दिवस परत हवे आहेत. मिळणार असतील तर अगदी त्या उलट्यांसकट, त्या सुयांसकट हवे आहेत.

शेवटचं पुस्तक प्रज्ञाने आणलं, दुखण्याचं लायब्ररीत कोणाला सांगायचं नाही या अटीवर. नाव कुंदाने सांगितलं होतं, अमुकच आण म्हणून. त्यात अर्ध्यावर ड्यूक त्या मुलीला मागणी घालतो, आणि ती सरळ नाही म्हणते. मी वैतागलो. म्हटलं, "एवढा मोठा माणूस चालून आला, आणि ही नाही म्हणते? काय अक्कल आहे का हिला?" कुंदा म्हणाली, "पहिल्यांदा नाहीच म्हणायचं असतं. पद्धतच आहे तशी. पहिल्यांदा तो त्याला हवं म्हणून विचारतो. मग मधे त्याला थोडी अक्कल येते, आणि दुसऱ्यांदा तो तिला काय हवं ते विचारतो. तेव्हा हो म्हणायचं." मग जरा थांबून खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुम्ही तर पहिल्यांदासुद्धा विचारलं नाहीत." आवाजात तक्रार नव्हती. एखादी जुनी गंमत आठवावी तशी म्हणाली.

माझ्या ते डोक्यात बसलं. दोन-तीन दिवस गेले. एका सकाळी तिला नाचणीची पेज भरवत होतो. केस गेलेले, डोक्याला प्रज्ञाचा निळा रुमाल, ओठ सुकलेले. आणि माझ्या तोंडून एकदम निघालं, अगदी आईच्या मालवणीत, "गो कुंदा, माझ्यावांगडा लगीन करशीत?"

ती बघतच राहिली. मग म्हणाली, "नाही."

आणि अशी हसत सुटली की तिला ठसका लागला, पेज चादरीवर सांडली, प्रज्ञा धावत आली. धाप कमी झाल्यावर कुंदा माझं मनगट धरून म्हणाली, "आता दुसऱ्यांदा नीट विचारायचं. पेजेचं भांडं हातात घेऊन नाही. घाई नको. पण शेवटच्या प्रकरणाच्या आत."

मी कामाला लागलो. हसू नका, खरोखर कामाला लागलो. त्या गोष्टींत मोठी माणसं संध्याकाळी बागेत गाडीतून फेरी मारतात, चारजणांनी बघावं म्हणून. मी ठरवलं की हिच्या पांढऱ्या पेशी जरा वर आल्या, डॉक्टरांनी बाहेर न्यायला परवानगी दिली, की टॅक्सी करून शिवाजी पार्कला न्यायचं. कट्ट्यावर बसवायचं. चालणारी म्हातारी माणसं बघतील, नेटमध्ये क्रिकेट खेळणारी पोरं बघतील, बघू देत. गुडघ्यावर बसणं मला जमलं नसतं, पण तिच्यासमोर उभं राहून विचारता आलं असतं. काय बोलायचं त्याची मी दाढी करताना तालीमही केली होती. तोवर वाचन जरा हळू चालवलं, शेवटचं प्रकरण लवकर येऊ नये म्हणून. एक पान वाचायचो आणि म्हणायचो, आज घसा बसलाय. तिला कळत असणार. तिला सगळंच कळायचं.

पेशी वर आल्या नाहीत. ताप आला. अतिदक्षता विभागात तिच्या तोंडावर मास्क होता, पण शुद्ध होती, डोळे उघडे होते. मला एकट्याला आत सोडलं. तिने माझ्याकडे बघून भुवई किंचित वर केली. चाळीस वर्षं बघितलेली भुवई, "काय मग?" असं विचारणारी. आणि मी विचारलं नाही. माझ्या ओठांवर होतं. पण विचारलं असतं तर त्याचा अर्थ एकच झाला असता, की शेवटचं प्रकरण आलं. मला ते तिला सांगायचं नव्हतं. मी म्हटलं, "लवकर बरी हो, शिवाजी पार्कला जायचंय." तिने डोळे मिटले, परत उघडले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

लोक आले. भली माणसं. "सुटली हो बिचारी," म्हणाले. त्याचं उत्तर आता लिहून टाकतो. ती सुटायला बसली नव्हती. ती हो म्हणायला बसली होती.

मीनाताईंचा फोन ठेवल्यावर मला वाटलं, पुस्तक परत करावं हे बरं. लायब्ररीची वस्तू आहे, कोणीतरी वाट बघत असेल. पण कुंदाचा नियम आठवला. शेवट वाचल्याशिवाय खूण नाही, आणि खुणेशिवाय तिचं पुस्तक परत गेलेलं मला चाललं नसतं. म्हणून ठरवलं, शेवटचं प्रकरण तिच्या वतीने आपण वाचायचं, आणि तिच्या वतीने टिंब द्यायचं. तिच्या डब्यातली छोटी पेन्सिल काढली. टोक केलं. जागा नीट सापडावी म्हणून आधी चौतिसावं पान उघडलं.

टिंब होतं. आकड्याच्या बरोबर खाली. फिकट झालेलं, जुनं. वाचताना वाक्यं लावण्याच्या नादात पानांच्या आकड्यांकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

म्हणजे हे पुस्तक तिने कधीच वाचलेलं होतं. प्रज्ञाला नाव सांगून मुद्दाम मागवलं ते म्हणूनच. मी पानापानावर अडखळत, चुकत सांगत होतो, ती "मग पुढे?" म्हणत होती, आणि पुढे काय आहे ते तिला अक्षरन् अक्षर ठाऊक होतं. ती मुलगी नाही म्हणते हे ठाऊक होतं. तो दुसऱ्यांदा कसा विचारतो, आणि ती काय उत्तर देते, तेही ठाऊक होतं.

मी तिची खुर्ची खिडकीशी होती तशी ओढली. स्टुलावर बसलो. शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचायला घेतलं, नेहमीसारखं मराठीत. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला, पण प्रज्ञा बाहेर आली नाही. ड्यूक बागेत जातो. पाऊस पडून गेलेला असतो. ती बाकावर बसलेली असते. तो तिच्यासमोर उभा राहतो... इथे मी पुस्तकात बोट घालून ते मिटलं, उठून उभा राहिलो, आणि दाढी करताना पाठ केलेलं सगळं विसरून, जसं सुचेल तसं, त्या खुर्चीला विचारलं. काय विचारलं ते इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

मग पुस्तक उघडलं आणि पुढचं वाक्य वाचलं.

"अहो," ती म्हणाली, "किती उशीर केलात."